मढ्याची वाट आणि माणसांची वहिवाट



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा मजुरीचा करार किंवा एखाद्या संपाचा इतिहास असले काहीतरी येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. मी कळविले, ‘इंग्लंडातल्या सरोवरांच्या मुलुखातील जुनी चर्चे आणि पायवाटा’. चिटणीस बुचकळ्यात पडले. यंत्रमागाच्या गावात युनियनचे काम करणाऱ्या, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसाने असला विषय का घ्यावा? त्याचे कारण असे की, डोंगरात पायी हिंडायला दोन गोष्टी लागतात : चालायला वाट आणि चालायला सुट्टी. त्या मुलुखात या दोन्ही गोष्टी कशा आल्या, कोणी अडविल्या आणि कोणी सोडवून घेतल्या, हा इतिहास आम्हां युनियनवाल्यांच्या घरचाच आहे.

लँकेशरच्या गिरण्यांच्या उत्तरेस डोंगरांचा एक लहानसा पुंजका आहे. स्कॅफेल पाइक हे साऱ्या इंग्लंडातले उंच शिखर तेथलेच; पण त्याची उंची ९७८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या खांद्यालाही ते लागत नाही. या डोंगरांच्या मधल्या दऱ्यांत हिमयुगात बर्फाने खोदलेली लांबट सरोवरे आहेत : विंडरमिअर, अल्सवॉटर, डर्वेंटवॉटर, ग्रासमिअर आणि आणखी कितीतरी. पाऊस भरपूर, माती पातळ, शेती बेताची, मेंढ्या मात्र खूप. असल्या मुलुखात मध्ययुगात वस्ती तुरळक, आणि चर्चे त्याहून तुरळक होती.

आता त्या काळातील चर्चची व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. एका मूळ चर्चच्या हुकमतीखाली कित्येक दऱ्या असत. दूरच्या दरीतल्या लोकांनी आपल्यापुरते छोटे प्रार्थनामंदिर बांधले, तरी तेथे प्रार्थना तेवढी करायची. मेलेला माणूस पुरायचा तो मूळ चर्चच्या आवारातच. यात धर्म किती आणि हिशेब किती, हे तुम्हीच ठरवा. दफनाबरोबर दक्षिणा येत असे. कूळ मेले की त्याच्या गोठ्यातले पहिल्या प्रतीचे जनावर जमीनदाराने न्यायचे आणि दुसऱ्या प्रतीचे चर्चने न्यायचे, अशी इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी चाल होती. मेलेल्या माणसाकडूनही वसुली होते म्हटल्यावर तो हक्क धाकट्या मंदिराला कोण सोडून देणार?

म्हणून दऱ्यादऱ्यांतून मढी निघत, आणि घोड्याच्या पाठीवर किंवा माणसांच्या खांद्यावर डोंगर ओलांडून मूळ चर्चला जात. पिढ्यान्‌पिढ्या अशी मढी गेल्यामुळे ज्या वाटा पडल्या, त्यांना तेथे आजही ‘मढ्याची वाट’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. वॉझडेल हेडची मढी ओसाड माळ ओलांडून एस्कडेलला सेंट कॅथरिनच्या चर्चला जात. त्या माळावर धुक्यात एका तरुणाचे मढे घेऊन घोडा उधळला तो पुन्हा सापडलाच नाही, अशी दंतकथा आहे. अजूनही धुक्यात टापा ऐकू येतात म्हणे. माझा भुतांवर विश्वास नाही, पण पावसात तो माळ ओलांडणाऱ्या खांदेकऱ्यांचे हाल मला कळतात.

रायडल ते ग्रासमिअर ही अशीच एक वाट जेमतेम दोन-तीन मैलांची. मँचेस्टरला एका कामगार परिषदेच्या निमित्ताने गेलो असता तेथल्या सोबत्यांनी मला ती चालवून दाखविली. डाव्या हाताला खाली रायडलचे तळे, उजव्या हाताला चढ, दगडी कुंपणे आणि नेच्यांचे रान. ग्रासमिअर जवळ आल्यावर वाटेच्या कडेला एक सपाट मोठा दगड लागतो. त्यावर शवपेटी टेकवून खांदेकरी दम खात. आपल्याकडे अंत्ययात्रेत ‘विसावा’ असतो, तोच हा. सोबत्यांना मी तो शब्द सांगितला, तेव्हा त्यांनी तो दोन-तीनदा म्हणून पाहिला.

वाट संपते ती सेंट ऑस्वाल्डच्या चर्चपाशी. बाहेरून हे चर्च काही देखणे नाही : जाडजूड भिंती, बसका मनोरा, वरून गिलावा. आत गेल्यावर मात्र नवल वाटते. वस्ती वाढली तशी लोकांनी एक बाजू वाढविली, जुन्या भिंतीला भगदाडे पाडून कमानी केल्या, वर दुसरी ओळ कमानींची चढविली आणि सगळ्यावर मिळून एकच छप्पर घातले. नामांकित शिल्पकाराचा तेथे संबंध नाही. गवंडी-सुतारांनी गरजेप्रमाणे रेटून नेलेले काम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे फरशीसुद्धा नव्हती. जमीन मातीची, आणि त्याच मातीत माणसे पुरलेली. ओल आणि दुर्गंध मारण्यासाठी वर लव्हाळे अंथरीत. दरसाल नवे लव्हाळे वाजतगाजत आणण्याचा सण असे. फरशी झाली, लव्हाळ्यांची गरज सरली, पण ग्रासमिअरला ती मिरवणूक अजून दर उन्हाळ्यात निघते.

येथे सुट्टीचा धागा येतो. चर्च ज्या संताच्या नावे असेल त्याच्या सणाच्या आदल्या रात्री जागरण करायचे आणि दुसऱ्या दिवशी जत्रा भरवायची, अशी जुनी रीत होती. जागरण याच अर्थाच्या शब्दावरून या जत्रांना ‘वेक्स’ म्हणत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लँकेशरमध्ये कापडगिरण्या आल्या. मालकांनी घड्याळ लावले, भोंगा लावला. परंतु वेक्सच्या दिवशी लोक कामावर येतच ना. दंड झाले, दटावण्या झाल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी मालकांनी हिशेब केला की माणसे येत नाहीत तर गिरणीच बंद ठेवून बॉयलर साफ करून घ्यावा. अशा रीतीने गावोगाव वर्षातून काही दिवस, पुढे आठवडाभर, सगळ्या गिरण्या एकदम बंद राहू लागल्या. ही सुट्टी बिनपगारी होती. म्हणून कामगार वर्षभर आठवड्याला थोडेथोडे पैसे मंडळात भरीत आणि वेक्सला ते उचलून बाहेर पडत, आपल्या भिशीसारखेच. पगारी सुट्टीचा कायदा तेथे १९३८ साली झाला.

ज्या संताचे नाव पुष्कळ कामगारांना आठवतही नसेल, त्याने त्यांना अशी एक सुट्टी मिळवून दिली. मला इतिहासातल्या या गोष्टी आवडतात. संस्था एका हेतूने एक गोष्ट करते, आणि लोक ती उचलून आपल्या कामाला लावतात.

गिरण्यांचा आणि त्या डोंगरांचा संबंध आणखीही एका बाजूने होता. सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिन लागतात, त्या या सरोवरांच्या काठच्या रानातल्या लाकडाच्या केलेल्या असत. स्टॉट पार्क येथील बॉबिनचा कारखाना १८३५ साली निघाला आणि १९७१ पर्यंत चालला. ज्या बॉबिनवर त्यांचा हात दिवसभर फिरे, तिचे झाड कोठे उगवते हे पाहायला जाण्याची सवड मात्र कामगारांना नव्हती.

सवड झाली तेव्हा विरोधही झाला, आणि तो कोणी केला? कवी वर्डस्वर्थने. सरोवरांच्या मुलुखाला ज्याने जगभर नाव दिले, त्याने १८४४ साली विंडरमिअरच्या रेल्वेविरुद्ध वर्तमानपत्रात पत्रे लिहिली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, निसर्गसौंदर्य कळायला मन हळूहळू घडावे लागते; कारखान्यातली माणसे गाडीने झुंडीने आणून सोडल्याने ते साधत नाही. रेल्वे १८४७ साली आलीच. मी वर्डस्वर्थला उगाच खलनायक करीत नाही. जमीनदाराच्या भिंतीने जुनी वाट अडविली म्हणून त्याने ती भिंत पाडली, अशीही हकीकत सांगतात. परंतु त्याचे रायडलचे घर मढ्याच्या वाटेला अगदी लागून आहे. ज्या वाटेने शेकडो वर्षे मेंढपाळ आणि मोलकरी आपल्या मेलेल्यांना खांद्यावर नेत होते, तिच्या सौंदर्याची जाण त्यांना यायला शिक्षण हवे, हे त्या घरातून लिहिले गेले याचे मला वाईट वाटते.

त्याला उत्तर मिळाले ते १८९१ साली, तेही पत्राने नव्हे. कोल्न या गिरणगावातल्या टी. ए. लेनर्ड नावाच्या पाद्र्याने आपल्या मंडळातली बत्तीस माणसे चार दिवसांसाठी अँबलसाइडला नेली. खर्च माणशी एकवीस शिलिंग. वेक्सला समुद्रकाठच्या करमणुकीच्या गावी जाऊन वर्षाची शिल्लक तीन दिवसांत उडवायची, त्यापेक्षा डोंगर चालावेत अशी त्याची खटपट. दोन वर्षांत त्यातून सहकारी सहलसंस्था उभी राहिली. ती इतकी नावारूपाला आली की मध्यमवर्गीय लोकांनीच तिच्यात जागा अडविल्या; तेव्हा लेनर्डने १९१३ साली ती सोडून कामगारांसाठी दुसरी संस्था काढली. संस्था वाढली की ती कोणाची होऊन बसते, हा प्रश्न युनियनवाल्यांना नवा नाही.

त्याच सुमारास आपल्या मुंबईतही सुट्टीचाच झगडा चालू होता. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नाने गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. हिंदुस्थानातल्या गिरण्यांना कायदा लागू करा, असा लकडा लँकेशरच्या मालकांनीही लावला होता. त्यांचे पोट आपल्या कामगारांसाठी दुखत नव्हते, मुंबईच्या स्वस्त सुताने दुखत होते. तरी कायदा आला तो कामगाराच्या उपयोगी पडला.

सुट्टी मिळाली, आता वाट. कायदा असा की, एखाद्या वाटेने लोक दीर्घकाळ, बिनदिक्कत, कोणाच्या मेहेरबानीवाचून जात असतील तर ती सार्वजनिक होते. १९३२ च्या कायद्याने ही मुदत वीस वर्षे ठरविली. आपण याला ‘वहिवाट’ म्हणतो, आणि त्या शब्दात वाट आहेच. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत याहून जुनी एक समजूत होती : ज्या जमिनीवरून मढे गेले ती वाट कायमची मोकळी झाली. कोर्टाने ही समजूत कधी मानली नाही, पण लोकांनी मानली. त्यामुळे जमीनदार आपल्या शेतातून प्रेतयात्रा जाऊ द्यायला बिचकत.

केझिक गावाजवळ लॅट्रिग नावाची टेकडी आहे. तिच्यावर जाणारी वाट मालकाने बंद केली. १ ऑक्टोबर १८८७ रोजी सुमारे दोन हजार माणसे अडसर काढून माथ्यावर गेली. त्या मोर्चात सॅम्युएल प्लिमसॉल होता. हे नाव लक्षात ठेवा. जहाजावर माल किती खोलीपर्यंत भरावा याची रेघ आज प्रत्येक जहाजाच्या अंगावर असते, ती या माणसाने खलाशांचे जीव वाचावेत म्हणून पार्लमेंटशी भांडून १८७६ साली कायद्यात आणली. तो वाटेसाठीही चालला. प्रकरण कार्लाइलच्या कोर्टात गेले आणि १८८८ साली तडजोड होऊन माथ्याची वाट खुली झाली. केझिकच्या लढ्यात पुढाकार घेणारा रॉन्सली हा क्रॉसथ्वेटच्या जुन्या चर्चचा धर्मगुरू. पुढे १८९५ साली नॅशनल ट्रस्ट स्थापन करणाऱ्या तिघांत तो होता.

चर्च आणि लोक यांच्या नात्याची एक जुनी गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मुलुखाच्या दक्षिण टोकाला कार्टमेलचा मठ आहे. इसवी सन ११९० च्या सुमारास विल्यम मार्शल या सरदाराने तो स्थापला, तेव्हा गावकऱ्यांसाठी त्याच चर्चमध्ये एक वेदी आणि एक पुरोहित नेमून दिला. आठव्या हेन्रीने मठ मोडायला काढले आणि उत्तरेत बंड झाले. ते मोडल्यावर १५३७ साली कार्टमेलचे चार मठवासी आणि दहा गावकरी फासावर गेले. मठ गेला. पण चर्च पाडायची वेळ आली तेव्हा उरलेल्या गावकऱ्यांनी सांगितले, ही वेदी आमची आहे, हे आमचे चर्च आहे. दहा जणांना फाशी दिलेल्या राजाच्या माणसांपुढे उभे राहून हे बोलायला काय लागले असेल! छपराचे शिसे उतरवून नेले गेले, ऐंशी वर्षे पाऊस आत पडला. १६१८ च्या सुमारास प्रेस्टन नावाच्या जमीनदाराने छप्पर घातले. चौकोनी मनोऱ्यावर दुसरा चौकोनी मनोरा कोनात तिरपा बसविलेला, असे ते चर्च आज सर्वांना पाहता येते, ते त्या वहिवाटीच्या दाव्यामुळे.

१९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. प्रत्येक परगण्याने सार्वजनिक वाटांचा पक्का नकाशा करावा असे त्याने ठरविले, आणि १९५१ साली सरोवरांचा मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला. त्यामागे १९३२ साली किंडर स्काउटच्या माळावर घुसून तुरुंगात गेलेले मँचेस्टरचे तरुण कामगारही होते; तो डोंगर दुसरीकडचा, म्हणून येथे त्यात शिरत नाही.

शेवटी मार्डेल. या दरीतली मढी घोड्यावर लादून सहा-सात मैलांवरच्या शॅपला, तेथल्या बाराव्या शतकापासूनच्या चर्चला जात. पुढे मार्डेलला स्वतःची दफनभूमी मिळाली आणि १७३६ साली त्या वाटेने शेवटचे मढे गेले. विसाव्या शतकात मँचेस्टरला पाणी कमी पडू लागले. गिरणगावच्या चाळींना स्वच्छ पाणी हवे होते, ते मागणे खोटे नव्हते. मँचेस्टर नगरपालिकेने हॉजवॉटरच्या सरोवराला धरण घातले आणि मार्डेल गाव पाण्याखाली घालायचे ठरले. १८ ऑगस्ट १९३५ रोजी चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली. मग ते पाडले, आणि त्याचे दगड पाणी सोडायच्या मनोऱ्याला वापरले. आवारातून सत्त्याण्णव मृतदेह उकरून काढले. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी सुटलेला प्रवास पुन्हा सुरू झाला. ते सगळे शॅपला नेऊन पुरले.

कडक उन्हाळ्यात पाणी उतरले, जसे १९७६, १९८४ आणि १९९५ साली उतरले, की मार्डेलची कुंपणे आणि पूल वर येतात आणि लोक ते पाहायला जातात. मढ्याची वाट मात्र बुडालेली नाही. ती आता सरोवराच्या काठच्या रस्त्यापासून सुरू होते आणि शॅपच्या दिशेने सरळ डोंगर चढते.