सोडचिठ्ठी आणि अपत्याचा प्रश्न

जुन्या दप्तराचें बाड सुटलें म्हणजे संशोधकाची दृष्टि प्रथम सनदा, वतनपत्रें व निवाडे यांवर जाते. सोडचिठ्ठी हातीं आल्यास ती बहुधा घरगुती कागद म्हणून बाजूस पडते. हा अनादर योग्य नव्हे, असें आमचें नम्र मत आहे.

ज्या ज्ञातींत पाटाची चाल होती त्यांत काडीमोडहि होत असे. मराठी अमलांत पाटावर ‘पाटदाम’ नांवाची पट्टी होती. तेव्हां हा विषय केवळ घरच्या उंबरठ्याआड राहत नव्हता. त्यास शास्त्राचा आधार अगदींच नव्हता असेंहि नाहीं. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत उभयतांचा परस्पर द्वेष असल्यास मोक्ष सांगितला आहे. एकट्याच पक्षाच्या अनिच्छेनें तो मिळत नाहीं, आणि धर्म्य विवाहांत तर मुळींच नाहीं.

परंतु अपत्याचें काय? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत बीज व क्षेत्र यांचा प्रसिद्ध वाद आहे. त्यांतील प्रश्न ‘अपत्य कोणाचें’ एवढाच आहे. अपत्यास कोठें सुख लागेल हा नव्हे. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यानेंहि, विधवेनें पुनर्विवाह केल्यास मृत पतीच्या आप्तांस मुलांच्या पालकत्वासाठीं कोर्टाकडे अर्ज करण्याची वाट ठेविली होती. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यांत मात्र मुलाचें हित पाहावें, आणि तें जाणतें असल्यास त्याची इच्छाहि विचारांत घ्यावी, असें आलें. प्रश्नच बदलला, आणि आमच्या मतें हेंच खरें स्थित्यंतर होय.

याचें मोल आम्हांस दप्तरखान्यांत नव्हे, शाळेंत कळलें. एक बाई मुलास घेऊन दाखल्यासाठीं आली. बापाच्या सहीवांचून नांव घालतां येणार नाहीं, असें कचेरींतून उत्तर मिळालें. मुलगा दाराशीं उभा राहून सर्व ऐकत होता. त्यास कोणीं कांहीं विचारलें नाहीं. आम्हीहि नाहीं. ती चूक आमच्या मनांतून अद्याप गेलेली नाहीं.

पंचांच्या मध्यस्थीची कथाहि अशीच फिरून मूळपदावर आली आहे. १८७६ च्या एका निवाड्यांत मुंबई हायकोर्टानें, विवाह रद्द ठरविण्याचा अगर नवरा हयात असतां स्त्रीस पुनर्विवाहाची मोकळीक देण्याचा ज्ञातीचा अधिकार मानण्याचें नाकारलें. पुढें १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें रूढीनें मिळणारा घटस्फोट राखून ठेविला. १९७६ सालीं परस्परसंमतीचा घटस्फोट त्यांत आला. आणि १९८४ च्या कायद्यानें कुटुंब न्यायालयांवर प्रथम समेटाचा यत्न करण्याचें कर्तव्य घातलें. ज्ञातीच्या पंचांचा अधिकार गेला, पण मध्यस्थाची गरज गेली नाहीं.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, सोडचिठ्ठी हातीं आल्यास ती टाकूं नये. तींत मध्यस्थ कोण होते, संमति कोणाची होती, आणि मुलाविषयीं एखादी ओळ आहे कीं नाहीं, या तीन गोष्टी टिपून ठेवाव्या. ओळ नसली तर तसेंहि नमूद करावें. त्या कोऱ्या जागेंतहि एक मूल उभें असूं शकतें.