अपेक्षाभंग आणि ईश्वरी योजनेवरील विश्वास : पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती जीवनाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांची नोंद प्रामुख्याने दोन अंगांनी घेतली गेली आहे. एक, स्त्रीशिक्षणाच्या व विधवांच्या आश्रमाच्या प्रवर्तक म्हणून. आणि दुसरे, धर्मांतराच्या वादाचे केंद्र म्हणून. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर सुमारे एकोणचाळीस वर्षे त्या ख्रिस्ती म्हणून जगल्या. या एकोणचाळीस वर्षांतील त्यांच्या श्रद्धेची अंतर्गत जडणघडण मात्र धर्मांतराच्या एका घटनेच्या सावलीत झाकोळून गेली आहे. वास्तविक पाहता या काळात त्यांनी आखलेल्या बहुतेक बेतांना वेगळेच वळण लागले. वैद्यकीय शिक्षणाचा बेत फसला, धर्मनिरपेक्ष विधवागृहाची कल्पना टिकली नाही, आणि जिच्या हाती संस्था सोपवायची ती मुलगी आईआधी गेली. ख्रिस्ती परंपरेत अशा प्रसंगी ‘देवाची योजना’ हा शब्द योजला जातो आणि त्याचा अर्थ बहुधा जे घडले ते निमूटपणे स्वीकारणे असा केला जातो. रमाबाईंचा पत्रव्यवहार आणि १९०७ मधील ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’ हे त्यांचे इंग्रजी आत्मनिवेदन शेजारीशेजारी ठेवून वाचले असता हा अर्थ त्यांना लागू पडत नाही असे दिसते. त्यांनी अपेक्षा करणे कधी सोडले नाही. त्या अपेक्षा कोणाकडून करावयाच्या, हे मात्र त्यांनी वारंवार नव्याने ठरविले.

देवाशी व्यवहार :

या विषयाचा आरंभ बाप्तिस्म्यापासून करणे चुकीचे ठरेल. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना व पुढे मुलीला संस्कृत शिकविले; गंगामूळच्या अरण्यातील आश्रम सोडल्यानंतर हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करीत राहिले. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांची पुंजी संपली. होते नव्हते ते दानधर्म, अनुष्ठाने व मूर्तिपूजा यांत खर्च झाले होते आणि त्याच्या मोबदल्यात देव धन देईल, निदान दृष्टांत तरी देईल, अशी कुटुंबाची दृढ भावना होती. भिक्षा मागणे किंवा अंगमेहनतीचे काम करणे कुलाभिमानाला रुचणारे नव्हते. वडिलांनी जलसमाधी घेण्याचा विचार केला, तेव्हा थोरल्या मुलाने आपण मजुरी करू असे म्हणून त्यांना परावृत्त केले. १८७४ मध्ये वडील आणि त्यापाठोपाठ आई निवर्तली. थोरली बहीणही फार काळ जगली नाही. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास व रमा, पायी देश फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथे त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या.

आत्मनिवेदनात हा सर्व भाग ख्रिस्ती दृष्टीने मागे वळून लिहिलेला आहे, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवले पाहिजे. त्यात हिंदू कर्मकांडावरील टीकेचा हेतू स्पष्ट आहे. तरीही त्यामागील अनुभव खरा मानण्यास हरकत नाही. ठरावीक विधी केला की ठरावीक फळ मिळते, या हिशेबाने ज्यांनी देवावर भार टाकला ते तिघे उपासमारीने खंगून मेले, आणि सोळा वर्षांच्या मुलीने ते पाहिले. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही वारले. पदरी दहा महिन्यांची मनोरमा होती. व्यवहाराच्या स्वरूपातील श्रद्धेविषयी रमाबाईंच्या मनात जी अढी कायम राहिली, तिचे मूळ या आठ वर्षांत आहे.

वाँटेज आणि चेल्टनहॅम :

१८८२ मध्ये पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर असण्याची निकड मांडली. ‘स्त्रीधर्मनीती’ या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा करून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या, ते वैद्यक शिकण्यासाठीच. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. तेथे पहिला आघात झाला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथे दुःखद अंत झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. परंतु कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद झाला. ज्या कारणासाठी सातासमुद्रापलीकडे आल्या तेच कारण संपले.

यानंतर त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या महाविद्यालयात शिकू व संस्कृत शिकवू लागल्या. येथे उद्भवलेला वाद या लेखाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकविण्याचा प्रस्ताव पुढे आला असता भारतातील बिशपांनी त्यास विरोध केला. हिंदुस्थानात परतल्यावर त्यांच्या कार्याला बाधा येईल, असे कारण देण्यात आले. सिस्टर जेरल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांची अपेक्षा होती की नवदीक्षित शिष्येने वडीलधाऱ्यांच्या निर्णयात देवाचा हात पाहावा. रमाबाईंनी ते नाकारले. आपल्याला सदसद्विवेकबुद्धी दिलेली आहे, भारतातील पुरोहितशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने फेकले असताना दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाची त्यांची पत्रे आहेत. त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चचा अधिकार या प्रश्नांवरही त्या तितक्याच निर्भीडपणे वाद घालीत होत्या. ही पत्रे सिस्टर जेरल्डीन यांनीच जतन केली आणि ती १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, हा इतिहासाचा एक उपरोध म्हणावा लागेल. ज्या शिष्येच्या हट्टाचा पुरावा म्हणून ती जपली गेली, तिच्याच बाजूने आज ती बोलतात.

देवाची योजना आणि देवाच्या नावाने इतरांनी आखलेली योजना यांत भेद असतो, ही रमाबाईंची भूमिका येथे प्रथम ठळक झाली. आज्ञाधारकपणाच्या नावाखाली स्त्रियांना गप्प बसविण्याची सोय या श्रद्धेत नेहमीच राहिली आहे. पंचविशीतल्या, परक्या देशात परावलंबी असलेल्या विधवेने ती ओळखली, याला कमी लेखता येणार नाही.

शारदा सदन : दोन्हीकडच्या अपेक्षा :

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीय पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. स्वतःला जे साधले नाही ते आपल्या नात्यातील मुलीने साधलेले पाहण्याचा तो प्रसंग होता. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई तेथे दोन वर्षांहून अधिक राहिल्या. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे अर्थसाहाय्य देण्याचे मान्य केले. अट अशी की संस्थेत धर्मप्रसार होणार नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व १८९० मध्ये ते पुण्यास हलविण्यात आले. सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनींमध्ये पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई होत्या.

सदनाच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे मान्यवर होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. बंदी करणे आपल्या विवेकाला पटत नाही, असे त्यांचे म्हणणे. पालकांचे व सल्लागारांचे म्हणणे असे की असाहाय्य अवस्थेतील अल्पवयीन मुली आश्रयदात्या बाईंच्या प्रार्थनेला ‘आपणहून’ येतात, या म्हणण्याला मर्यादा आहेत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी संबंध तोडला आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या. रमाबाईंच्या चरित्रकारांनी हा प्रसंग छळ म्हणून रंगविला आहे, तर विरोधकांनी विश्वासघात म्हणून. तटस्थपणे पाहिल्यास रानडे यांची अपेक्षा गैरवाजवी नव्हती. तटस्थतेच्या आश्वासनावरच त्यांनी आपले नाव संस्थेला दिले होते. रमाबाईंनीही आपली श्रद्धा लपवून ठेवण्याचे वचन कधी दिले नव्हते. अपेक्षा दोन्ही बाजूंच्या होत्या, आणि त्या मुळात एकमेकींत बसणाऱ्या नव्हत्या.

याच सुमारास त्यांच्या श्रद्धेत पालट झाला. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्त आपल्याला मिळालाच नव्हता, अशी जाणीव झाल्याचे त्या नमूद करतात. ब्रिस्टल येथे लोकांकडे पैसा न मागता अनाथालये चालविणारे जॉर्ज म्युलर, चीनमधील हडसन टेलर आणि जॉन पेटन यांची वृत्तान्तपर पुस्तके त्यांनी वाचली. मनुष्याच्या आश्वासनावर विसंबून राहायचे नाही, गरज देवापुढेच मांडायची, हे तत्त्व त्यांनी तेथून उचलले. असोसिएशनची दहा वर्षांची मुदत सरत आली होती आणि पुण्यातील सल्लागार निघून गेले होते, हा योगायोग विसरता येत नाही. श्रद्धेचा पालट आणि परिस्थितीची निकड हातात हात घालून आल्या.

पंधराचा वर्ग :

१८९६ मध्ये लोणावळा येथील ख्रिस्ती मेळाव्यात घडलेली एक गोष्ट रमाबाईंनी लिहून ठेवली आहे. त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली होत्या. पुढील मेळाव्यापर्यंत या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस, अशी प्रार्थना करण्याची त्यांना प्रेरणा झाली. शारदा सदनात तेव्हा एकूण मुलीच तेवढ्या नव्हत्या. ही संख्या येणार कोठून, हे त्यांना स्वतःलाही उमगेना. त्या वेळी यिर्मयाच्या ग्रंथातील, देवाला काही अशक्य आहे काय, या अर्थाच्या वचनाने आपल्याला धीर दिला असे त्या सांगतात.

त्यानंतर मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लहानपणी दुष्काळ अंगावर काढलेली ही बाई तेथे स्वतः गेली आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आली. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना. संस्था स्वावलंबी व्हावी म्हणून केडगाव येथे फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. तेथेच तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्ती सदनाची वसाहत आकारास आली. आपली प्रार्थना पुढील मेळाव्यापर्यंत पूर्ण झाली असे रमाबाईंनी नोंदविले आहे.

एरवी धार्मिक लेखनात अपेक्षा मोघम असते. येथे ती आकड्यांत आहे, मुदतीसह आहे आणि म्हणूनच फोल ठरण्याचा धोका पत्करणारी आहे. वडिलांच्या अनुष्ठानाचा हिशेब आणि हा हिशेब यांत वरकरणी साम्य दिसते. फरक असा की वडील फळाची वाट पाहत बसले, आणि मुलीने प्रार्थनेनंतर मध्य प्रांताची वाट धरली. एक अवघड प्रश्न मात्र उरतो. ज्या दुष्काळाने प्रार्थनेतील संख्या भरून काढली, त्याच दुष्काळात असंख्य माणसे अन्नावाचून मेली. प्रार्थनेच्या या उत्तराचा त्या मृत्यूंशी मेळ कसा घालावयाचा, हे आत्मनिवेदनातून उलगडत नाही. उपाशी मुलींच्या धर्मांतराविषयी समकालीनांनी घेतलेला आक्षेपही केवळ द्वेषमूलक म्हणून बाजूला सारता येणार नाही.

पैशाच्या बाबतीतही श्रद्धेचे तत्त्व आणि व्यवहार यांत थोडे अंतर होते. १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि असोसिएशनची नव्याने बांधणी झाली. ‘मुक्ती प्रेयर बेल’ या नियतकालिकातून संस्थेची हकिकत परदेशी वाचकांपर्यंत जात असे. मागायचे नाही, पण गरज कळू द्यायची, अशी ही रीत होती. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई अशी कामे तेथे चालत, आणि विहिरी खणून पाण्याची सोय करण्यात आली होती. देवावर हवाला ठेवून हात बांधून बसणाऱ्या संस्थेचे हे चित्र नव्हे.

मनोरमा आणि अखेरचे काम :

शारदा सदनाची धुरा मनोरमाबाईंनी समर्थपणे सांभाळली होती, आणि गुलबर्गा येथेही त्यांच्या प्रयत्नाने शाळा निघाली. आईनंतर मुक्तीचा वारसा त्यांच्याकडे जाणार हे गृहीत होते. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाई निवर्तल्या. आई-वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी. १९०७ च्या आत्मनिवेदनात मागील प्रत्येक अपेक्षाभंगाला योजनेत जागा मिळाली आहे. या मृत्यूला तशी जागा देणारे दुसरे आत्मनिवेदन रमाबाईंनी लिहिले नाही.

त्यांच्या हाती तेव्हा दुसरे काम होते. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असल्याने मुक्तीतील खेड्यापाड्यांतून आलेल्या स्त्रियांना ती कळत नाही, म्हणून मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्या अनेक वर्षे सोपे भाषांतर करीत होत्या. संस्कृत पांडित्यासाठी गौरविल्या गेलेल्या विदुषीने संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढावेत, हे तिच्या साऱ्या जीवनक्रमाशी सुसंगत होते. मनोरमेनंतरचे जेमतेम साडेआठ महिने मुद्रिते तपासण्यात गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. ज्यांच्यासाठी हे भाषांतर होते अशा मुक्तीतील स्त्रियांनाच छपाईचे काम शिकविण्यात आले होते. दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, संपूर्ण ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला.