शास्ता डेझी आणि नीरेचे पाणी

पांढऱ्या पाकळ्यांची, पिवळ्या गाभ्याची शास्ता डेझी पाहणाऱ्यास प्रथमदर्शनी शेवंतीच वाटते. हा समज अगदीच निराधार नव्हे. वनस्पतिशास्त्रही तिला दीर्घकाळ शेवंतीच्याच प्रजातीत गणत होते. ल्यूथर बरबँक यांनी कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे युरोपातील व जपानमधील डेझींचा अनेक वर्षे संकर करून १९०१ मध्ये हे फूल बाजारात आणले आणि त्याला शास्ता या हिमाच्छादित शिखराचे नाव दिले. बर्फाचे नाव घेऊन आलेले हे रोप भवानीनगरच्या काळ्या मातीत लावताना त्याचा वैरी ऊन असेल, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात ते पाण्याने मेले. मुळे कुजली होती, आणि पाणी आम्हीच मायेने घातले होते.

या अपयशाचा विचार करताना आम्हांस परिसराचा इतिहास आठवला. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला. अवर्षणात ज्वारी-बाजरी तगावी, हा त्यामागील हेतू. पाणी मात्र वळले उसाकडे. उसामागून कारखाने आले, बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्याचे रूप पालटले. परंतु भारी जमिनीत पाणी मुरत राहिले, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. भूजल वर चढते, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर उरतात. हॅरल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील आपला अभ्यास १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. पिंपळे सौदागर या गावाच्या १९१७ मधील पाहणीमुळे समाजशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित असलेले मान ते हेच. म्हणजे उसाच्या वैभवाचा काळ पुढे यायचा असतानाच त्याची किंमत कागदावर नोंदली गेली होती.

पुढच्या खेपेस आम्ही वीतभर उंचीचा गादीवाफा केला. मातीत मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळले. पावसाळा सरल्यावर बी पेरले, रोपे हातभर अंतराने लावली, दुपारची सावली दिली. वरची माती बोटाला कोरडी लागल्याखेरीज पाणी द्यायचे नाही, एवढा नियम पाळला. सुकलेली फुले खुडत गेल्याने नव्या कळ्या येत राहिल्या. थंड हवेत हे झाड बहुवर्षायू असते व दोन-तीन वर्षांनी त्याचे ठोंब विभागून लावतात. येथे मात्र त्याला हिवाळ्याचा पाहुणा मानणेच शहाणपणाचे.

वाफ्यापुरता निचरा कुदळीने साधतो. शेताचा चर मात्र शेजाऱ्याच्या बांधापाशी अडतो. त्याच्या संमतीवाचून तो ओढ्यापर्यंत पोहोचत नाही. कालव्याच्या आवर्तनासाठी एकत्र येणारी गावे निचऱ्यासाठीही तितक्याच तातडीने एकत्र आली, तर मान-ताम्हण्यांचा तो जुना अभ्यास केवळ इतिहास म्हणून वाचता येईल.