लाईट बिल

माणसाकडे लपवण्यासारखं काही नसलं, तरी लपवायला एक जागा लागते. आमच्या आजोबांकडे लोखंडी पेटी होती आणि तिची किल्ली त्यांच्या करगोट्याला होती. पेटी फोडूनही कुणाचा फायदा नव्हता, कारण आतल्या सगळ्या वह्या मोडीत. स्वातंत्र्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि घरात ती वाचणारं कुणी उरलं नाही. त्यामुळे आजोबांच्या उधाऱ्या आजही अगदी सुरक्षित आहेत. त्या कुणाकडून येणं होत्या हे ज्यांना ठाऊक आहे, ते कशाला बोलतील?

आमचं जयसिंगपूर मात्र लपवाछपवीच्या अजिबात सोयीचं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या, म्हणजे कागलच्या जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं हे गाव वसवलं. रस्ते पट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे, आणि गल्ल्यांना चक्क नंबर. चौकात उभं राहिलं की कोण कुणाच्या दारात उभा आहे, ते पार टोकापर्यंत दिसतं. अशा या गावात, दोन भावांच्या एकत्र घरात, 2000 साली एक कॉम्प्युटर आला आणि सोप्यात विराजमान झाला.

पैसे निम्मे माझे, निम्मे दादाचे. त्यामुळे त्याच्यावर सगळ्यांचा हक्क. पुतण्याचे खेळ, वहिनींच्या भिशीचा हिशेब, दादाची पेन्शनची पत्रं, सगळं एकाच पोटात. दादा हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेला. त्याच सुमारास त्यानं मला न विचारता परसातली चिंच तोडून तिथं खोली बांधायला घेतली. मी पेटलो. रात्री सगळे झोपल्यावर बसून मी दोन पानी पत्र लिहिलं. रागावलो की मी दादाला ‘तुम्ही’ म्हणतो. शेवटी स्वच्छ लिहिलं, ‘मला माझी वाटणी पाहिजे.’ लिहून झाल्यावर राग निम्मा उतरला. पत्र द्यायचा धीर होईना आणि पुसायला मन होईना.

मग मी पासवर्ड घातला. दुसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला, “काका, हे काय घालून ठेवलंयसा?” आणि त्यानं कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू! विंडोज 98 चा तो पासवर्ड म्हणजे कुलूप नव्हतं, नुसतीच पाटी होती, ‘आत येण्यापूर्वी विचारावे.’ आपल्याकडे अशी पाटी पाहिली की माणूस आधी आत येतो आणि मग विचारतो.

दुःखात माणूस वाचतो. मी वाचलं, तेव्हा कळलं की हे दुखणं जयसिंगपूरचं नाही. 1961 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि मंडळींनी एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरायची युक्ती काढली. यंत्र एक आणि भाडेकरू अनेक, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरेनात. त्यानं शुक्रवारी रात्री एक पंच केलेलं कार्ड टाकून सगळ्या पासवर्डांची फाईलच छापायला सांगितली आणि शनिवारी सकाळी कागद उचलून आणला! यंत्रानं बिचाऱ्यानं ‘का हो?’ म्हणूनसुद्धा विचारलं नाही. 1966 साली तर कहर झाला. दोन चालक एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत होते, त्यांची अदलाबदल झाली आणि जो यंत्राशी बसेल त्याला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. आमच्या गल्लीत यापेक्षा जास्त गुप्तता आहे.

पुढे बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स तयार केलं. त्यात प्रत्येक फाईलला तीन प्रकारची माणसं मानलेली असतात: मालक, त्याचा गट आणि बाकीचे. म्हणजे आपण, भावकी आणि गावकी! कुणी नुसतं वाचायचं आणि कुणी लिहायचंही, हे मालकानं ठरवायचं. 1979 साली थॉम्पसन आणि रॉबर्ट मॉरिस यांनी पासवर्ड जपण्याची रीत लिहून ठेवली. पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचा नाही, त्याचा ठेचा करून ठेवायचा. ठेच्यावरून मूळ मिरची परत करता येत नाही. दोघांची मिरची एकच असली तरी ठेचा वेगळा दिसावा म्हणून त्यात मीठ घालायचं. थट्टा नाही, इंग्रजीत त्याला सॉल्टच म्हणतात.

एवढं करूनही वर एक चालक उरतोच, त्याला सगळ्या फाइली उघडतात. प्रत्येक घरात अशी एक आजी असते. तिलाही कळू नये असं वाटत असेल तर फाईलच कूटलिपीत ठेवावी लागते. पण किल्ली विसरली की ती आपल्यालाही आजोबांची मोडी. मायक्रोसॉफ्टनं 2006 साली अशी खासगी पेटी फुकट वाटली होती. कचेऱ्यांतल्या चालकांनी एवढा गिल्ला केला की काही दिवसांतच ती परत घ्यावी लागली.

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. म्हणून मी अस्सल देशी उपाय केला. त्या फाईलला नाव दिलं, ‘लाईट बिल’. या नावाच्या वाटेला घरातलं कोण जाणार?

खोली बांधून झाली. वाटणीचं राहून गेलं. राग कुठं गेला कळलंच नाही. उलट दादाला एक नवीनच खोड लागली. प्रत्येक गोष्ट मला विचारायची! “रंग कुठला देऊया रे?” “कौलं यंदा बदलायची का?” एकदा तर बाजारातून फोन, “गवारी आणू का दोडका?” मी हिला म्हणालोसुद्धा, “वयाप्रमाणे दादाचा निर्णय काही होत नाही हल्ली.”

2009 साली नवा कॉम्प्युटर घेतला. जुन्या फाइली काढताना ‘लाईट बिल’ दिसली. पत्र लिहिलेली रात्र मला पक्की आठवत होती, अनंत चतुर्दशीच्या आदली. फाईलवरची तारीख मात्र आठवड्यानंतरची. उघडून पाहिलं. पत्र तेच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. फक्त सगळे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेले. ‘तुम्ही मला कधी विचारलं नाही’ असं मी लिहिलं होतं, तिथं ‘नाहीत’ केलेलं होतं. खाली शेरा नाही, सही नाही.

त्याला त्या दिवशी खरोखरच लाईट बिल हवं असणार.

नऊ वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून जेवला आणि एका शब्दानं बोलला नाही. मीही मग बोललो नाही. ती फाईल मी पुसली नाही, नव्या कॉम्प्युटरवर आणली. तिथं प्रत्येकाचं खातं वेगळं केलं, पासवर्ड वेगळे दिले. मी माझा टाकत होतो तेव्हा दादा पाठमोरा वर्तमानपत्र वाचत बसला होता. तो मान न वळवता म्हणाला,

“ऱ्हस्व-दीर्घ बघून टाकलायस ना?”