पहिला घोट यजमानाचा

फ्रान्समधल्या खाणावळीत वाइनची बाटली आली म्हणजे वाढपी सगळ्यांचे पेले भरत सुटत नाही. आधी बाटलीवरची चिठ्ठी यजमानाला दाखवतो, मग त्याच्याच पेल्यात घोटभर ओततो. यजमान रंग पाहतो, पेला फिरवून वास घेतो, चव बघतो आणि मान डोलावतो. मग पाहुण्यांची पाळी. हा नुसता थाट नव्हे. बूच खराब निघाले तर वाइनला कुबट वास येतो. तो पाहुण्याच्या वाट्याला जाऊ नये, एवढाच हेतू. (मी मद्यपानाची भलामण करीत नाही, हे गुरुजींनी ध्यानात घ्यावे!)

कशाबरोबर काय प्यावे, याचीही तिथे रीत आहे. मासळीबरोबर आंबटसर पांढरी वाइन. आपण तळलेल्या मासळीवर लिंबू पिळतो, त्यातलाच प्रकार. तांबड्या वाइनमध्ये सालीचा नि बियांचा तुरटपणा उतरलेला असतो, तो चरबीदार मांसाबरोबर खपून जातो. पण खरी जुनी रीत गावची. ल्वार नदीकाठच्या सांसेरची पांढरी वाइन आणि शेजारच्या शाव्हिन्योलचे शेळीच्या दुधाचे चीज, ही जोडी एकाच मातीतली.

म्हणजे सारी भिस्त चिठ्ठीवरच्या गावाच्या नावावर. आणि या नावापायी शेतकऱ्याला फार सोसावे लागले. १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये वेली वाळू लागल्या. कारण कळेना. १८६८ साली प्लांशाँ या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी मुळे उकरून पाहिली, तो तिथे बारीक पिवळसर किडे! फिलॉक्सेरा नावाची ही कीड अमेरिकेहून आली होती. औषधे झाली, शेतात पाणी तुंबवून झाले. १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८४० कोटी लिटर वाइन झाली होती. १८८९ साली ती २३४ कोटींवर आली. गंमत बघा, उपायही अमेरिकेतूनच आला. तिकडच्या रानवेलींची मुळे या किडीला दाद देत नाहीत. त्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम बांधले, आणि मळे पुन्हा उभे राहिले. आपल्या नाशिक-सांगलीकडचे बागाईतदार डॉगरिज खुंटावर द्राक्ष बांधतात, तो खुंटही अमेरिकन वंशाचाच. मात्र आपल्याकडे तो खारे पाणी आणि अवर्षण सोसतो म्हणून घेतला.

पण टंचाईच्या काळात व्यापाऱ्यांना वाईट खोड लागली होती. बेदाणे भिजवून, साखर घालून वाइन करायची. मळे सावरल्यावरही ती सुटेना. माल उदंड झाला, भाव कोसळले. १९०७ साली लांगदोकचे शेतकरी रस्त्यावर आले. पुढारी मार्सेलँ आल्बेर, एक साधा मळेवाला. ९ जूनला माँपेलिए शहरात लाखोंचा जमाव जमला. नार्बोनला सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. तेव्हा १७ व्या पलटणीतल्या शिपायांनी बंड केले. त्यातले बहुतेक त्याच मुलखातले, शेतकऱ्यांचीच पोरे!

२९ जूनला भेसळीविरुद्ध कायदा झाला. पुढे १९३५ साली गावाच्या नावाला कायद्याचे कुंपण मिळाले: हद्द कोणती, वेल कोणती, हेक्टरी उत्पन्न जास्तीत जास्त किती, सारे ठरले. सांसेरच्या पांढऱ्या वाइनला हा दर्जा १९३६ साली मिळाला. शाव्हिन्योलच्या चीजला मात्र त्यासाठी १९७६ पर्यंत थांबावे लागले.