पाळण्यातला संघ आणि मनातला संघ

मूल एखाद्या संघाची बाजू का घेते, असे विचारले तर बहुतेक पालक ‘त्याच्या आवडीने’ असे सांगतील. मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. १९०७ साली युरोपियन व पारशी यांच्या जोडीला हिंदू आले आणि तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुसलमान आले, ते चौरंगी झाले. संघच धर्मावर उभे असल्यावर मुलाने निवडायचे ते काय? पाळण्यात नाव ठेवतानाच संघही ठरून जाई.

यात नंदाखालच्या मुलाची अडचण पाहण्यासारखी आहे. वसईकडचे हे ख्रिस्ती वस्तीचे, मराठी बोलीचे गाव. युरोपियनांचा धर्म त्याचा, पण ते पडले राज्यकर्ते. हिंदू संघात भाषा त्याची, पण नाव त्याचे नव्हे. १९३७ साली सामने पंचरंगी झाले आणि भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशांचा पाचवा संघ आला. त्याचे नाव ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले! आपला म्हणावा असा संघ अखेर मिळाला, तो असा. हे नाव आम्हांला आजही बोचते.

पण या उरलेल्यांत सांगलीचा विजय हजारे होता. डिसेंबर १९४३ मध्ये ब्रेबर्न स्टेडियमवर हिंदूंशी अंतिम सामना झाला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. त्यांत मर्चंट नाबाद २५०. ‘द रेस्ट’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात त्यांच्या ३८७ धावा झाल्या, आणि त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. धाकटे बंधू विवेक यांनी २१ धावांत समोरची बाजू इतकी चिवटपणे धरली की भावाभावांची भागी ३०० ची झाली. सामना एक डाव व ६१ धावांनी गेला तो गेलाच. परंतु मुलांचे मन धावफलकाच्या तळची ओळ वाचीत नाही. हरणाऱ्या बाजूचा एक माणूस उभा राहतो, आणि मूल त्याचे होऊन जाते. तो कोणत्या देवळात जातो, हे त्याला मागाहून कळते.

बाजू ठरवणे एकाच संघाच्या आतही सोपे नव्हते. पळवणकर बाळू हिंदूंचे थोर गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी जातीमुळे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले. दलित वस्तीतल्या पोराने ‘आपला संघ’ म्हणताना संघाकडे पाहावे की बाळूंकडे?

१९४० साली गांधीजींनी जातीय सामन्यांविरुद्ध मत दिले. १९४६ साली ते बंद पडले. रणजी करंडक १९३४ पासूनच प्रांतावर चालत होता, आणि तेथे हजारे बडोद्याचे झाले होते. १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार हजारेच होते. ज्यांना एकदा ‘उरलेल्यां’त बसवले, त्यांचा जयजयकार आता साऱ्या देशाच्या मुलांना मोकळा झाला.

आता धर्माच्या जागी गाव आले आहे. नंदाखालच्या शेजारच्या विरारचा पृथ्वी शॉ याने २०१३ साली शालेय सामन्यात ५४६ धावा केल्या, तेव्हा लोकलने सरावाला जाणाऱ्या या भागातल्या पोरांना आपला माणूस मिळाला. २०२५ साली तो मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघात गेला. त्याच्यामागे जायचे की मुंबईपाशी राहायचे, हे मात्र आता त्या पोरांना कोणी पाळण्यात सांगितलेले नाही.