काचकागदाची चकती



शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं कातारकाम शिकावयास घेतलें. आमचें वडिलोपार्जित घर पाडलें, तेव्हां त्याचा एक सागवानी खांब मीं राखून ठेवला होता. त्याच्या एका तुकड्याची वाटी लेथवर कातली आणि ती घासण्यासाठीं बाजारांतून काचकागदाच्या पन्नास चकत्या आणल्या. भाव फारच स्वस्त होता. परंतु फिरत्या लांकडास चकती लागतांच तिचे दाणे गळूं लागले, आणि त्यांतला एक दाणा लांकडांत रुतून वाटीवर खोल रेघ उमटली. चकती दुसरी मिळाली असती. तो खांब कोठून मिळणार? दाणे कां गळतात, या प्रश्नाचा इतिहासच आज आपणांस सांगावयाचा आहे.

लांकूड गुळगुळीत करण्याची कला कागदाहून जुनी आहे. कोणीं शार्क माशाचें खरखरीत कातडें वापरलें, कोणीं गवतासारख्या वनस्पतींचे रेतीदार देंठ. आपल्याकडील लाखकाम करणारे कातारी तर केवड्याच्या पानानें लाखेवर चकाकी आणतात. शिंपल्यांचा चुरा व वाळू डिंकानें चिकटविण्याची युक्ति चीनमध्यें तेराव्या शतकांत होती. पुढें १८३३ सालीं लंडनमध्यें जॉन ओकी यानें काचेचा चुरा लावलेला कागद मोठ्या प्रमाणावर करण्यास आरंभ केला, आणि दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेंत आयझॅक फिशर यानें अशा कागदाचीं पेटंटें घेतलीं.

या सर्व धंद्यांत दाणा, सरस आणि पाठ हे तीनच घटक असतात. पैकीं एक कच्चा निघाला कीं बाकीचे दोन व्यर्थ. याचें बोलकें उदाहरण मिनेसोटा प्रांतांतील आहे. तेथें १९०२ सालीं पांच गृहस्थांनीं कुरुंदाची खाण काढली. (इंग्रजी ‘कोरंडम’ हें नांव आपल्या दक्षिणेकडील शब्दावरूनच गेलेलें आहे.) पण निघालेला दगड कुरुंद नव्हताच! तेव्हां या मंडळींनीं बाहेरचे दाणे आणून काचकागद करण्याचें ठरविलें. हीच पुढें थ्री-एम या नांवानें गाजलेली कंपनी. १९१४ सालीं त्यांच्या कागदाचे दाणे गळतात अशा तक्रारी आल्या. पुष्कळ शोधानंतर दाणे पाण्यांत टाकून पाहिले, तों वर तेलाचा तवंग आला! स्पेनहून तामड्याचे दगड आणणाऱ्या जहाजांत ऑलिव्ह तेलाचीं पिंपेंही होतीं. वादळांत तीं फुटून तेल दगडांत मुरलें होतें. तेलकट दाण्यास सरस धरणार कसा? या धड्यानंतर १९१६ सालीं त्यांनीं माल तपासण्यासाठीं छोटीशी प्रयोगशाळा उघडली.

दरम्यान दाणाही बदलला. १८९१ सालीं एडवर्ड ॲचेसन यानें विजेच्या भट्टींत कार्बोरंडम तयार केलें. तें अतिशय कठीण, पण ठिसूळ. कृत्रिम कुरुंद त्याहून चिवट, म्हणून लांकडास तोच सहसा सोईचा. कातड्याचा सरस उष्णतेनें मऊ पडे. त्याची जागा रेझिननें घेतली. काटेरी फळें कपड्यांस कशीं चिकटतात, हें पाहून जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस गृहस्थानें जी चिकटपट्टी काढली, तिचें पेटंट १९५५ चें. त्याच युक्तीनें आजची चकती ड्रिलच्या मऊ गादीस झटकन् बसते आणि निघते.

आतां चकती घेतांना काय पाहावें? पाठ कापडी वा चिवट असावी. नमुना वांकवून नखानें घासावा. दाणे सुटले तर परत द्यावा. अंक ८०, १२०, १८०, २४०, ३२० असे चढत जावे. मागील अंकाच्या सुमारें दीडपटीहून लांब उडी घेऊं नये, नाहींतर जुन्या रेघा तशाच राहतात. फार दाबूं नये. उष्णतेनें दाणा व लांकूड दोन्ही बिघडतात. नाकातोंडावर मुखवटा अवश्य बांधावा. आणि हिशेब एका चकतीच्या किमतीचा नव्हे, तर एका वाटीस किती चकत्या लागल्या, याचा ठेवावा.

उरलेल्या तुकड्याची दुसरी वाटी मीं दुप्पट दराच्या चकत्यांनीं घासली. सात चकत्यांत ती आरशासारखी झाली. पहिली वाटी तिच्याशेजारींच ठेवली आहे, आणि तिची रेघ मीं मुद्दाम तशीच राहूं दिली आहे.